पालथी पाटी

इकडे ये वं प्रज्ञा, जरा जवळ सरकून बस. तशी तू इथं नाहीस. तू तिकडे बाळापूरकडच्या शाळेत शिकवायला, अन् मी अमरावतीत खिडकीजवळच्या खाटेवर मांडीवर पाट घेऊन हे लिहून राहिली. पण तुला समोर बसवल्याशिवाय माझ्या हातून एक ओळ उतरत नाही, म्हणून बसवते. अन् बसलीस की आधी तो मोबाइल ठेव बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस आलीस, त्यातला एक दिवस पोरांचे गुण त्या मोबाइलात भरण्यात घालवलास, अन् मधात नेट गेलं तर घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड करून बसलीस. चकल्या डब्यात तशाच राहिल्या. हे काही बरं नाही बाई. आजी काय रोज रोज राहणार आहे? राहीन म्हणा अजून, पण तुला जरा काळजी वाटावी म्हणून म्हणते.

परवा फोनवर तू मला एक विचारलंस. तिसरीच्या पोरांची आता देशभर एकच चाचणी होणार, दिल्लीहून कागद येणार, अन् त्याआधी तुम्ही शाळेत सराव घेऊन राहिले. त्या सरावात तुझ्या वर्गातली एक पोरगी जागेवरून उठली अन् शेजारच्या पोराच्या कागदावर बोट ठेवून त्याला सांगत बसली. तू दोनदा दटावलंस, तरी तिचं तेच. मग तू तिला व्हरांड्यात उभी केलीस. आता मोठे सर म्हणतात, खऱ्या दिवशी तिला घरीच राहू द्या, बाहेरचे लोक येतील, शाळेचं नाव जाईल. तू विचारलंस, "आजी, काय करू?" अन् मी "जेवलीस का" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारीला समजलं नाही. समजलं होतं वं. उत्तर लांब होतं, फोनवर मावणारं नव्हतं. दोन दिवस तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला. आता लिहिते, ऐक.

आमचं घर नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडच्या एका लहान गावात, गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी. दोन खोल्या मातीच्या, अंगणात कडुलिंब, अन् भोवती पऱ्हाट्यांचा कूड. कपाशी वेचून झाली की वाळलेल्या झाडांच्या त्या काड्या, तेच आमचं कुंपण अन् तेच आमचं सरपण; उन्हाळा लागता लागता कूड विरळ होत जायचा, कारण माय रोज त्यातल्या चार काड्या चुलीत घालायची. पावसाळ्याआधी अंगणातून थेट रस्ता दिसायचा. सकाळी मला जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. माय दळायची, माझी आजी तिच्यासमोर बसून मूठ मूठ ज्वारी टाकायची अन् दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता तासभर एकच काम करायच्या. मग बाबांचा आवाज. आमच्या लोकांनी धम्माची दीक्षा घेऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. बाबांना वंदना अजून पूर्ण पाठ नव्हती. ते मधेच अडखळायचे, थांबायचे, अन् गोधडीतून मी पुढचा शब्द सांगायची. लहानशी पुस्तिका होती घरात, ती वाचता येणारी मी एकटीच. बाबा दुसऱ्याच्या वावरात सालानं कामाला होते, हात असे की बोटं पूर्ण सरळ व्हायची नाहीत, पण त्या पुस्तिकेला हात लावायच्या आधी ते धुवून, पुसून, वर धोतराला पुन्हा पुसायचे.

जेवायला बहुतेक भाकर अन् जवसाची चटणी, पावसाळ्यात अंबाडीची भाजी, कधी नुसत्या कण्या. आताच्या तुमच्या घरी जवसाची चटणी औषध म्हणून खातात. तुझी आई मला परवा सांगत होती, हृदयाला चांगली असते. मी म्हटलं, बाई, त्या हिशोबानं आमची हृदयं अजून शंभर वर्षं चालतील.

तर माझी अमरावतीची आत्या होती. तिचे यजमान एका कचेरीत शिपाई, मूलबाळ नव्हतं. तिनं माझ्यासाठी निरोप धाडला, कौसी चौथी पास झाली की पाचवीला माझ्याकडे पाठव. चौथीच्या पुढे आमच्या गावात शाळाच नव्हती. बाबा त्या निरोपानं असे हलके झाले होते, जसं कोणी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा. पण घरात शेवटचा शब्द आजीचा. संध्याकाळी माय भाकरी टाकत होती, तेव्हा बाबांनी विषय काढला.

आजी म्हणाली, "एवढुशी पोट्टी लोकाच्या घरी ठेवतं का रे कोणी?"

"मा, बहिणीचं घर लोकाचं हाय का?"

"बहिणीचं नाही. बहिणीच्या नवऱ्याचं तर हाय."

माय तव्यापाशी हसली. आजीनं तिच्याकडे पाहिलं, तशी ती भाकर फारच काळजीनं शेकू लागली.

"शिकली तं मास्तरीण होईन मा," बाबा म्हणाले. "आपल्या घरातलं कोणी तरी खुर्चीवर बसन."

"अन् नाही झाली तं? तिथं भांडे घासत राहीन अन् इथलं निंदणंही विसरन." आजी वाईट नव्हती वं प्रज्ञा, हे तू लक्षात ठेव. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी काम केलं होतं, म्हणून दुसऱ्याच्या घराचं नाव काढलं की ती आधी उष्टी भांडी पाहायची. मग म्हणाली, "ऐक. एक डाव बसू दे तिले परीक्षेले. पास झाली तं म्या सोता तिची पेटी भरीन. नाही झाली तं मंग इषय बंद. पुन्हा माह्यापाशी शाळेचं नाव काढायचं नाही. कबूल?"

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "कबूल." त्यांना वाटत होतं, यात धोका कुठं आहे? अख्ख्या शाळेत माझ्यासारखं गणित कोणाला येत नव्हतं. मलाही तेच वाटत होतं.

आता ही शाळा कशी होती ते सांगते, कारण सगळं तिथंच आहे. एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग. पहिली दाराशी, दुसरी खिडकीखाली, तिसरी फळ्यासमोर, अन् आम्ही चौथीचे मागच्या भिंतीला. गुरुजी अकोल्याकडचे, उंच, पाठीत जरा वाकलेले, आमच्यासारखंच बोलायचे. एकटा माणूस चार वर्गांना किती पुरणार? म्हणून त्यांनी एक रीत लावली होती. गणित करताना कोणी अडलं तर रडायचं नाही, ओरडायचं नाही, बाजूच्याचं पाहायचंही नाही. आपली पाटी पालथी करून समोर ठेवायची अन् गप बसायचं. पालथी पाटी दिसली की ज्याचं काम झालं असेल त्यानं उठायचं, त्याच्याजवळ जाऊन बसायचं अन् आधी एकच विचारायचं, "कुठपर्यंत आली?" उत्तर सांगायचं नाही. उत्तर सांगितलं तर गुरुजी दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. फक्त ते जिथं अडलं तिथपर्यंत त्याच्यासोबत चालत जायचं, अन् पुढचं एक पाऊल दाखवायचं.

पहिलीत होती तेव्हा माझ्याजवळ मोठ्या पोरी येऊन बसायच्या. चौथीत मी बसायची. दिवसभर माझी नजर अर्धी माझ्या पाटीवर अन् अर्धी खोलीभर फिरायची, कुठं पालथी दिसते का. पालथी दिसूनही कोणी बसून राहिलं तर गुरुजी फार रागवायचे. मार नाही, पण म्हणायचे, "काहून रे, तुले दिसलं नाही? का दिसूनही दिसलं नाही?" या दुसऱ्या प्रश्नाची आम्हाला छडीपेक्षा जास्त भीती वाटायची.

चौथीची परीक्षा तेव्हा आपल्या शाळेत होत नसे. आजूबाजूच्या गावांची पोरं केंद्रावर जमायची, आमचं केंद्र नांदगावला. आदल्या दिवशी गुरुजी आम्हाला बैलबंडीतून घेऊन निघाले. बंडीत वळकट्या, पाट्या, शिदोरीची फडकी, पिठाचं गाठोडं, भाजी शिजवायचं एक मोठं गंज अन् आम्ही चौथीची पोरं. त्यात पोरगी मी एकटी, म्हणून मला पुढं गाडीवानाशेजारी बसवलं. मायनं केसांना इतकं तेल लावलं होतं की उन्हात ते कानावर ओघळत होतं. बाबा सुट्टी न मिळाल्यामुळे वावरातूनच रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. बंडी थांबली नाही. ते थोडं अंतर सोबत चालले, मग थांबून हात वर केला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा हात अजून वरच होता.

नांदगावच्या शाळेचं आवार पाहून आमचे चेहरेच उतरले. किती पोरं! प्रत्येक गावचे गुरुजी आपापल्या पोरांना घेऊन झाडाखाली उतरलेले, जत्राच जशी. आमच्या गुरुजींनी धोतर खोचलं, गोवऱ्या रचल्या अन् रोडगे लावले. कणकेचे जाड गोळे, एकात एक पदर घालून थापलेले, विस्तवात भाजायचे, वर राख झटकून तूप. आमच्याजवळ तूप नव्हतं, पण गुरुजींनी घरून वाटीभर आणलं होतं. वांग्याची भाजी गंजात रटरटत होती अन् तिचा वास असा सुटला होता की दुसऱ्या गावची पोरं गणिताची उजळणी सोडून आमच्याकडे पाहू लागली. बाजूच्या झाडाखालच्या एका गुरुजींनी आम्ही कोण ते विचारून घेतलं अन् आपली चूल उचलून लांब नेली. आमच्या गुरुजींनी माझ्या हातातून रोडगा घेतला, मोडला, अर्धा मला दिला अन् अर्धा तिथंच उभ्याउभ्या, सगळ्यांना दिसेल असा, चवीनं खाल्ला. "मीठ जरा कमी झालं वं कौसे," म्हणाले. मीठ बरोबर होतं.

सकाळी भाषेचा पेपर झाला, तो सोपा गेला. गणित दुपारी. लांब खोली, टिनाचं छत तापलेलं, अन् आम्हाला असं मिसळून बसवलेलं की आपल्या गावचं कोणी जवळ येऊ नये. गुरुजी लोकांना आत येऊ देत नव्हते. आत बाहेरगावचे एक परीक्षक, चष्मा लावलेले, शुद्ध बोलणारे. गणितं कागदावर उतरवायची अन् कच्चं काम पाटीवर करायचं, असा नियम होता. मी कागद हातात घेतला अन् मला हसूच आलं. सगळी येत होती. मी भराभर सोडवत गेले. माझ्या उजव्या हाताला एक पोरगी होती, माझ्याएवढीच, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिच्या कागदावर वर नाव लिहिलेलं होतं, इंदू. तेवढीच आमची ओळख.

माझं शेवटचं गणित झालं. मी पाटी पुसली, सवयीनं मान वर केली अन् खोलीभर नजर फिरवली. अन् इंदूची पाटी पालथी होती.

आता मला कळतं ना, ती तिनं मदतीसाठी ठेवली नव्हती. तिच्या गावात अशी काही रीत नव्हती. रडू येत होतं, पाटीवरचं चुकलेलं तिला बघवत नव्हतं, म्हणून तिनं ती उलटी केली अन् तिच्यावर दोन्ही हात ठेवून मान खाली घातली. पण मला तेव्हा काय माहीत? मला एवढंच दिसलं की पाटी पालथी आहे, माझं काम झालेलं आहे, अन् दुसरं कोणीच उठून राहिलं नाही. मला तर त्या पोरांचा रागच आला. यांना दिसत नाही? मी उठले, तिच्याजवळ जाऊन मांडी घालून बसले अन् विचारलं, "कुठपर्यंत आली?"

ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी तिची पाटी सरळ केली. भागाकार होता. पोरीनं सगळं बरोबर केलं होतं, फक्त वरचा एक आकडा खाली उतरवायचा राहिला होता. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं, बाकी काही नाही. अन् तिच्या तोंडावर जे उमटलं वं प्रज्ञा, ते तू रोज पाहतेस, तुला सांगायला नको. कळल्यावर पोरांचे डोळे असे होतात ना.

"ए मुली! काय चाललंय?"

परीक्षक माझ्या डोक्याशी उभे.

"सांगून राहिली, साहेब."

"सांगते आहेस? परीक्षेत? कोणी सांगितलं तुला उठायला?"

"तिनं पाटी पालथी केली ना," मी म्हटलं. मला वाटलं, एवढं सांगितलं की झालं.

"नक्कल करतेस अन् वर तोंड करून बोलतेस?"

"म्या नक्कल काहून करीन? माह्यं तं सगळं झालं." मी माझा कागद दाखवायला धावले. त्यांनी तो हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. मला आजही वाटतं, त्यांना कळलं होतं. त्यांचा हात थांबला होता. पण सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती, अन् नियम तो नियम. त्यांनी लाल पेन्सिलीनं कागदावर आडवी रेघ ओढली अन् दाराकडे बोट केलं.

बाहेर येऊन मी रडले नाही. मला कळलंच नव्हतं काय झालं ते. गुरुजी झाडाखाली उभे होते, मला पाहून धावत आले, "लवकर झालं काय वं?" मी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला, तसतसं मला थोडं थोडं समजायला लागलं. ते आत गेले. आतून त्यांचा आवाज येत होता, आधी विनवणीचा, मग चढलेला, मग बराच वेळ नुसता परीक्षकांचा. परत आले ते मान खाली घालून. वाटेत त्या बाजूच्या झाडाखालचे गुरुजी म्हणाले, "अहो, पोरांना शिस्त लावावी लागते थोडी." आमचे गुरुजी थांबले अन् म्हणाले, "लावली होती ना. तिनंच पाळली."

परतीच्या वाटेवर बंडीत पोरं माझ्याकडे पाहत अन् नजर वळवत. ऊन उतरलं, गावाचा नाला दिसू लागला, तेव्हा गुरुजींनी गाडीवानाला थांबायला सांगितलं अन् मला खाली उतरवून थोडं लांब नेलं. म्हणाले, "कौसे, चूक तुही नाही. म्या तुम्हाले शाळा शिकवली. परीक्षा शिकवायची राहून गेली माह्याकडून." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, अन् मग मात्र मी मोकळी रडले.

घरी आले तर आजीनं पेटी भरलेली होती! निकाल लागायच्या आधीच! टिनाची पेटी, तळाशी कडुलिंबाचा पाला, त्यावर माझे दोन फ्रॉक, एक नवा कंगवा, अन् बांधलेली शेवयांची पुरचुंडी. तिनं मला पाहून तोंड वाकडं केलं, "सोनं केलं काय तिथं जाऊन?" म्हणाली. गुरुजींनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं. बाबा आत आले, पेटीकडे पाहिलं अन् भिंतीला टेकून खाली बसले. आजीला सगळं सांगावं लागलं, दोनदा. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे लोकाचं पोरगं रडत होतं म्हणून उठली?" बाबा हो म्हणाले. "मंग नापास कशी?" आजीनं विचारलं.

निकाल लागला तेव्हा गणितात मी नापास. गुरुजी नांदगावहून आले अन् अंगणात उभे राहून म्हणाले, "तुही ते इंदू पास झाली वं." अन् मी अशी वेडी, टाळ्या वाजवल्या. मायनं मला जवळ ओढून घेतलं, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

आजीनं आपला शब्द मागे घेतला. "एक डाव म्हटलं होतं, पण हा काही डाव झालाच नाही," म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा बसवा." पेटी रिकामी केली नाही, फक्त शेवया काढल्या. पण पावसाळा सुरू होता होता गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी जे आले ते आठवड्यातून एखाद्या दिवशी दिसायचे, अन् पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावची पोरं नांदगावला न्यायला कोणीच आलं नाही. बाबा एकदा पायी जाऊन विचारून आले. कोणत्या तरी साहेबानं सांगितलं, शाळेकडून नाव यायला पाहिजे. शाळेकडून कोण? मग धाकटा भाऊ झाला, मग माय आजारी पडली, मग पेटीत दुसरं सामान गेलं. असंच जातं वं, एकदम तुटत नाही.

पण शाळेची खोली तर उघडी होती ना. दुपारी निंदून आल्यावर मी तिथं जाऊन बसायची. पोरं आपसूक यायची. पालथ्या पाट्या चालूच होत्या, ती रीत कोणी बंद केली नव्हती. पोरांना सांगायचं म्हणून मला पुढचं वाचावं लागलं. पाचवीचं पुस्तक आत्यानं पाठवलं, सहावीचं कुणाच्या तरी माळ्यावर सापडलं. किराण्याच्या पुड्यांचे कागद मी सरळ करून वाचायची, कापलेल्या बातमीचा पुढचा भाग दुसऱ्या पुडीत मिळतो का बघायची. माझं शिकणं हे असं झालं, म्हणून माझ्या लिहिण्यात तुला मधेमधे फाटलेलं दिसतं.

आता तुला वाटेल, आजी परीक्षेवर दात धरून बसली आहे. नाही वं. दाणा भरला का ते पाहायला शेतकरी कणसातला एक दाणा दाताखाली धरतोच, धरावाच लागतो. सरकारलाही कळायला पाहिजे, बाळापूरच्या पोराला वजाबाकी येते की नाही. न येता वरच्या वर्गात ढकलत राहिले तर तेही पाप. दिल्लीहून येणाऱ्या त्या गोळे रंगवायच्या कागदावर मी रागावलेली नाही. मला एवढंच वाटतं, त्या पोरीला कोणी सांगितलं का की आज उठायचं नाही, अन् का नाही? रोज तू म्हणतेस एकमेकांना मदत करा, भिंतीवर रंगवून लिहिलंय तुमच्या, मी फोटोत पाहिलं. मग एके दिवशी अचानक तेच चूक. लहान जिवाला हे सांगावं लागतं, समोर बसून, नीट: बाई, आजचा एक तास तुझ्या एकटीचा आहे, उद्या पुन्हा सगळ्यांचा. आमच्या गुरुजींचं तेवढं राहिलं. तुझं राहू नये.

अन् घरी ठेवायचं म्हणतात, त्याचं तर नावच काढू नको. तिला घरी बसवून तुमची शाळा वर दिसेल, पण मग ते मोजणं कोणाचं झालं? त्या दिवशी नांदगावला जे मोजलं गेलं त्यात मी नव्हते. त्यांच्या हिशोबात आमच्या गावच्या एका पोरीला गणित येत नव्हतं. ते आजही कुठं तरी तसंच लिहिलेलं असेल.

गुरुजी पुन्हा भेटले नाहीत. परीक्षक कोण होते ते कधी कळलं नाही. इंदूचं तर आडनावही मला ठाऊक नाही. कुठं असेल, नातवंडं असतील, भागाकार करताना कधी तिचं बोट त्या आकड्यावर थांबत असेल की नाही, कोण जाणे. मला आठवते ती तिची लाल रिबीन. अन् खरं सांगू? इतकी वर्षं मी पुष्कळदा विचार केला, पुन्हा त्या खोलीत बसले, सगळं माहीत असताना, अन् पुन्हा ती पाटी पालथी झाली, तर मी काय करीन? अमरावती, पाचवी, खुर्ची, बाबांचा वर केलेला हात, सगळं डोळ्यांपुढं आणून पाहते. अन् दरवेळी मला उत्तर यायच्या आधी माझे गुडघे हलतात.

परवा फोनवर तू "काय करू" म्हणालीस ना, तेव्हा तुझा आवाज मी ओळखला. नोकरी नवी, मोठे सर वरचढ, त्या पोरीला बाहेर उभी केल्याचं तुला आत कुठं तरी टोचत होतं. पोरी, तू पाटी पालथी ठेवली होतीस. मला दिसली. पूर्वीसारखी असते तर त्याच पावली उठून तुझ्याजवळ येऊन बसले असते. पण आता खाटेवरून उठायलाच मला तुझ्या आईचा खांदा लागतो. म्हणून या वेळी तू ये. चाचणीच्या आधी ये, रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याहून निघालीस तर जेवायला पोचशील. रोडगे करायला सांगते, तूप भरपूर आहे. अन् तिच्या घरचे हो म्हणत असतील तर त्या पोरीलाही घेऊन ये, मला पाहायची आहे. मी उत्तर सांगणार नाही. जवळ बसवीन, अन् एवढंच विचारीन, कुठपर्यंत आली?